वाचकांचे प्रश्न : एकसारखे दिसणारे ट्रफल रसायनावरून कसे ओळखावेत?

ठाणे आणि नवी मुंबईतल्या उपाहारगृहांच्या मेनूकार्डांवर गेल्या काही वर्षांत ट्रफल हा शब्द वरचेवर दिसू लागला आहे आणि त्यामागोमाग या सदराकडे त्याविषयीची पत्रेही येऊ लागली आहेत. त्यांतली सात पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत. ज्यांना हा पदार्थ ठाऊक नाही त्यांच्यासाठी एवढेच सांगतो की, ट्रफल हे ओक, हेझल यांसारख्या झाडांच्या मुळांशी सहजीवनाने वाढणाऱ्या एका बुरशीचे जमिनीखाली तयार होणारे फळ आहे. पावसाळ्यात उगवणारी अळंबी छत्री उघडून आपले बीजाणू वाऱ्यावर सोडते. ट्रफलला मातीखाली वारा मिळत नाही, म्हणून एखाद्या प्राण्याने वास घेत यावे, उकरावे, खावे आणि बीजाणू दूर नेऊन टाकावेत, अशी त्याची रीत आहे. त्याचा सगळा भर वासावर असल्यामुळेच त्याच्या ओळखीचा प्रश्न रसायनशास्त्राकडे येतो.

प्रश्न : माझ्या भावाने परदेशातून येताना ट्रफलची एक लहान बरणी आणली. पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरांत 'ब्लॅक ट्रफल' आहे आणि मागे बारीक अक्षरांत 'ट्यूबर इंडिकम' असे नाव आहे. माझ्या वाचनात मात्र काळ्या ट्रफलचे नाव 'ट्यूबर मेलॅनोस्पोरम' असे आले आहे. हे दोन्ही एकच का? नसतील, तर रासायनिक तपासणी करून ते वेगळे ओळखता येतात का?
— एक वाचक भगिनी, घोडबंदर रस्ता, ठाणे

उत्तर : हे दोन्ही एक नव्हेत, मात्र अगदी जवळचे भाऊबंद आहेत. फ्रान्स, स्पेन आणि इटलीत हिवाळ्यात मिळणारा, ज्याच्यामुळे काळ्या ट्रफलचे नाव झाले तो मेलॅनोस्पोरम. इंडिकमचे वर्णन कुक आणि मॅसी या शास्त्रज्ञांनी १८९२ मध्ये आपल्या हिमालयातून गेलेल्या नमुन्यांवरून केले, म्हणून त्याच्या नावात भारत आहे. आज बाजारात येणारा इंडिकम मात्र बहुतेक चीनच्या युन्नान आणि सिचुआन या प्रांतांतला असतो. दोन्हींची साल काळी आणि खरखरीत, दोन्हींचा गर काळसर आणि त्यात पांढऱ्या शिरा, दोन्हींचे बीजाणू काटेरी. किमतीत मात्र अनेक पटींचा फरक असतो, आणि जेथे दिसणे सारखे व किंमत वेगळी, तेथे फसवणुकीला वाव राहतो. तुमच्या बरणीवर प्रजातीचे नाव छापलेले आहे, त्यामुळे त्या उत्पादकाने काही लपवलेले नाही. 'ब्लॅक ट्रफल' हे नाव दोन्हींना लावले जाते, एवढाच घोटाळा आहे. इटलीच्या १९८५ सालच्या ७५२ क्रमांकाच्या कायद्यात विक्रीस परवानगी असलेल्या नऊ प्रकारांची यादी आहे आणि इंडिकम तीत नाही.

रासायनिक तपासणीने हे दोन वेगळे करता येतात. या जोडीच्या बाबतीत तर ते फार स्पष्टपणे करता येतात. स्पेनमधील संशोधकांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात दोन्हींच्या वासाची पद्धतशीर तुलना केली आहे. त्यातील एक पद्धत अशी की, नमुन्यातून निघणारी बाष्पे गॅस क्रोमॅटोग्राफच्या केसासारख्या बारीक, लांब नळीतून सोडायची, म्हणजे त्यांतली संयुगे एकामागून एक अशी वेगळी होऊन बाहेर येतात, आणि बाहेर पडणाऱ्या प्रवाहाचा एक भाग यंत्राच्या शोधकाकडे व दुसरा भाग माणसाच्या नाकाकडे वळवायचा.

हे काम मी तुर्भ्याच्या एका प्रयोगशाळेत नोकरीला असताना हिंगाच्या नमुन्यांवर केले आहे, म्हणून ते जवळून सांगू शकतो. यंत्राच्या कडेला काचेचा एक लहान शंकू असतो. नाक कोरडे पडू नये म्हणून त्यात दमट हवा सोडलेली असते. त्या शंकूवर नाक धरून आपण अर्धा तास बसतो आणि वास आला की बटण दाबतो. बराच वेळ काहीच येत नाही, मग एकदम शिजलेल्या कोबीचा वास येतो आणि दोन-तीन सेकंदांत नाहीसा होतो, थोड्या वेळाने लसणीचा, पुढे आणखी कशाचा तरी. यंत्र प्रत्येक संयुगाचे एक शिखर कागदावरच्या आलेखात काढते; त्यात ज्या शिखराची उंची मुंगीएवढी असते त्याचा वास कधी कधी सगळ्यांत तीव्र येतो, आणि ज्याचे शिखर डोंगराएवढे असते ते संयुग नाकाला जाणवतही नाही. यंत्राला दिसणारे प्रमाण आणि नाकाला कळणारे महत्त्व या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या खुर्चीवर बसल्याशिवाय पुरते पटत नाही.

स्पेनमधल्या अभ्यासात किती जणांना वास आला आणि तो किती तीव्र आला, या दोहोंचा मेळ घालून प्रत्येक संयुगाला शंभरांपैकी गुण दिले होते. इंडिकममध्ये १-ऑक्टेन-३-ओन या संयुगाला ८२ आणि १-ऑक्टेन-३-ऑल याला ६९ गुण मिळाले. मेलॅनोस्पोरममध्ये या दोन्हींना तिसाहून कमी. गंधकयुक्त संयुगांचे नेमके उलटे होते : डायमिथाइल सल्फाइड आणि डायमिथाइल डायसल्फाइड यांना मेलॅनोस्पोरममध्ये सत्तराहून अधिक आणि इंडिकममध्ये तीस ते चाळीस. यंत्राने मोजलेल्या प्रमाणात तर १-ऑक्टेन-३-ऑल इंडिकममध्ये सुमारे १०० पट अधिक होते, आणि १-ऑक्टेन-३-ओन मेलॅनोस्पोरममध्ये यंत्राला सापडलेच नाही. ही दोन्ही आठ कार्बनांची संयुगे आहेत. बटण मशरूमचे पाकीट उघडल्यावर जो मातकट, ओलसर वास येतो तो मुख्यत्वे १-ऑक्टेन-३-ऑलचाच. सोप्या शब्दांत सांगायचे तर इंडिकमला अळंबीचा वास येतो आणि मेलॅनोस्पोरमला गंधकाचा, त्यामागे लोण्याचा आणि किंचित फळाचा.

एवढे वाचून असे वाटेल की, १-ऑक्टेन-३-ऑल मोजले की काम झाले. या दोन प्रजातींपैकीच कोणती तरी एक आहे हे आधी ठाऊक असेल, नमुना ताजा असेल आणि त्यात कोणी काही मिसळलेले नसेल, तर ते खरेही आहे. पण या तिन्ही अटी महत्त्वाच्या आहेत. हे संयुग लिनोलेइक आम्लाच्या विघटनातून तयार होते आणि बुरशीच्या ऊती कापल्या किंवा चेचल्या की ते वाढते, म्हणजे नमुना कसा हाताळला यावर आकडा बदलतो. ट्यूबर एस्टिव्हम या उन्हाळी ट्रफलमध्ये, ज्याला बर्गंडी ट्रफलही म्हणतात, आठ कार्बनांच्या संयुगांचे प्रमाण एकाच प्रजातीतल्या निरनिराळ्या वाणांत मोठ्या प्रमाणावर बदलते, असे २०१२ मधील एका अभ्यासात दिसून आले. म्हणून जे चिन्ह एका जोडीला लागू पडते ते तिसऱ्या प्रजातीला लावता येत नाही. आणि तिसरी गोष्ट म्हणजे, थोडे अस्सल मेलॅनोस्पोरम पुष्कळशा इंडिकमबरोबर एकाच डब्यात ठेवले की अस्सलाचा वास इतरांना लागतो, ही व्यापारातली जुनी क्लृप्ती आहे. अशा डब्यातल्या नमुन्याची बाष्पे तपासली तर यंत्र खोटे बोलत नाही, पण ते शेजाऱ्याविषयी बोलत असते.

म्हणूनच या क्षेत्रातले लोक एका संयुगावर न थांबता संपूर्ण आराखडा पाहतात. आपल्याकडे गोड्या मसाल्याचे उदाहरण घ्या. धने, तीळ, खोबरे, दगडफूल, नागकेशर हे घटक सगळ्यांच्याच मसाल्यात असतात, तरी नेहमी जेवायला जाणाऱ्या घराचा मसाला आपल्याला ओळखू येतो, कारण ओळख एका घटकात नसून सगळ्यांच्या परस्पर प्रमाणात असते. ट्रफलच्या प्रजातींचेही तसेच आहे. डायमिथाइल सल्फाइड बहुतेक सर्वांत असते, ३-मिथाइल-१-ब्युटॅनॉलही असते; प्रजाती ठरवते ते कशाशी कशाचे किती प्रमाण आहे यावरून.

तुमच्या बरणीपुरते सांगायचे तर ती उष्णता देऊन निर्जंतुक केलेली असणार, आणि त्यात हलकी बाष्पे पुष्कळशी नाहीशी झालेली किंवा बदललेली असतात. अशा वेळी उडून न जाणाऱ्या घटकांकडे वळावे लागते. ट्रफलमध्ये एर्गोस्टेरॉल आणि ब्रासिकास्टेरॉल हे दोन प्रमुख स्टेरॉल असतात. त्यांतले पहिले इतर बुरशींतही भरपूर आढळते, पण त्याच्या जोडीला दुसरे एवढ्या मोठ्या प्रमाणात असणे हे ट्रफलचे वैशिष्ट्य आहे. त्यावरून बरणीत ट्रफल आहे की रंगवलेली दुसरी अळंबी, एवढे निश्चित सांगता येते. इंडिकम की मेलॅनोस्पोरम हे ठरवण्यासाठी मात्र स्टेरॉलवर विसंबू नये. तेथे सूक्ष्मदर्शक आणि डीएनए तपासणी यांचा आधार घ्यावा.

प्रश्न : डीएनए तपासणीने प्रजाती नक्की कळते, तर मग रासायनिक पृथक्करणाचा खटाटोप कशासाठी?
— एक वाचक, नेरूळ

उत्तर : प्रश्न रास्त आहे. 'ही कोणती प्रजाती?' एवढेच विचारायचे असेल तर मीही डीएनएलाच पहिला मान देईन. पण खरेदी करणाऱ्याचे प्रश्न तेवढ्यावर संपत नाहीत. ट्रफल ताजा आहे का, पिकलेला आहे का, कोणत्या प्रदेशातून आला, त्यात कृत्रिम गंध घातला आहे का, यांपैकी एकाचेही उत्तर प्रजातीच्या डीएनएत नसते. कच्च्या मेलॅनोस्पोरमचा डीएनए पिकलेल्याइतकाच अस्सल असतो, वास मात्र जवळजवळ नसतो.

उलट दिशेनेही हे तपासून पाहण्यासारखे आहे. इटलीच्या ज्या कायद्याचा वर उल्लेख केला, त्याच्या यादीत एस्टिव्हम आणि अनसिनॅटम हे दोन वेगळे प्रकार आहेत. पुढे डीएनए अभ्यासांतून ते एकाच प्रजातीचे असल्याचे मानले गेले. उन्हाळ्यात काढलेला एस्टिव्हम आणि शरद ऋतूत काढलेला अनसिनॅटम यांच्या वासात व किमतीत फरक आहे, हे मात्र बाजार आजही मानतो. रसायन तो फरक टिपू शकते.

आणखी एक गुंतागुंत अशी की, ट्रफलचा सगळा वास ट्रफलचाच असतो असे नाही. त्याच्या गरात जिवाणूंची वस्ती असते. ट्यूबर बोर्की या पांढऱ्या ट्रफलच्या वासातील थायोफीन नावाची वैशिष्ट्यपूर्ण गंधकयुक्त संयुगे त्या जिवाणूंच्या कार्यातून तयार होतात, असे २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दाखवण्यात आले. मेलॅनोस्पोरमचा संपूर्ण जनुकसंच २०१० मध्ये 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला आणि गंधकयुक्त संयुगे घडवण्याची साधने त्याच्या स्वतःपाशीही असल्याचे त्यातून दिसले. तेव्हा एखाद्या नमुन्याचा वास म्हणजे बुरशी, तिचे जिवाणू, माती आणि काढणीनंतरचे दिवस या सर्वांची मिळून झालेली नोंद असते. ज्याला फक्त प्रजाती हवी आहे त्याला ही अडचण वाटेल. मला ती मोलाची माहिती वाटते.

बाष्पांचा गोंधळ टाळायचा असेल तर इतरही वाटा आहेत. हॅम्बुर्ग विद्यापीठातील संशोधकांनी २०२० च्या सुमारास गोठवून वाळवलेल्या ट्रफलच्या भुकटीवर अवरक्त किरणांच्या जवळच्या पट्ट्यातील प्रकाश टाकून, तसेच तिच्यातील मूलद्रव्यांचे सूक्ष्म प्रमाण मोजून, प्रजाती आणि उगमस्थान दोन्ही ओळखण्याच्या पद्धती मांडल्या. भुकटीने परावर्तित केलेल्या प्रकाशात पाणी, मेद, प्रथिने आणि शर्करा या सर्वांचा ठसा एकत्र येतो. शेजारच्या ट्रफलचा उसना वास त्यात फारसा उमटत नाही.

प्रश्न : मी वाशीतल्या एका उपाहारगृहात मुख्य आचारी आहे. आम्ही अधूनमधून ताजा काळा ट्रफल मागवतो. मागच्या खेपेला पुरवठादाराने 'विंटर ब्लॅक' म्हणून दिलेल्या मालाला वास अगदीच कमी होता. प्रयोगशाळेत न पाठवता स्वयंपाकघरात काही तपासता येईल का?

उत्तर : वास कमी असण्याची तीन कारणे संभवतात : माल जुना झाला असेल, कच्चा काढला असेल किंवा प्रजातीच वेगळी असेल. थंडाव्यात ठेवूनही ताज्या ट्रफलचा वास एक-दोन आठवड्यांत उतरतो, म्हणून पहिला प्रश्न काढणीच्या तारखेचा विचारा. दुसरा प्रश्न देशाचा. युरोपात मेलॅनोस्पोरमचा हंगाम साधारण डिसेंबर ते मार्चच्या मध्यापर्यंत असतो. ऑस्ट्रेलियात त्याची लागवड झालेली असल्याने तेथला माल जून ते ऑगस्टमध्ये येतो. त्यामुळे जुलैमध्ये कोणी ताजा मेलॅनोस्पोरम दिला तर तो खोटाच असेल असे नाही, पण मग तो युरोपचा असू शकत नाही.

मग ट्रफल धारदार सुरीने मधोमध कापा आणि दिवसाच्या उजेडात पाहा. पिकलेल्या मेलॅनोस्पोरमचा गर जांभळट काळा असतो आणि त्यातल्या बारीक, नक्षीसारख्या पांढऱ्या शिरा हवा लागल्यावर हळूहळू तांबूस होतात. गर फिकट तपकिरी, हेझलच्या दाण्याच्या रंगाचा असेल आणि सालीवरचे उंचवटे मोठे, पिरॅमिडसारखे टोकदार असतील, तर तो एस्टिव्हम. शिरा जाड, विरळ आणि साल ब्रशने घासतानाच सुटून येत असेल, तर ट्यूबर ब्रुमाले या आणखी एका काळ्या ट्रफलचा संशय घ्यावा. इंडिकमची गोष्ट सर्वांत अवघड, कारण त्याचा गरही काळा असतो. मात्र तो बोटाने दाबल्यावर काहीसा रबरासारखा लागतो आणि सालीवरचे उंचवटे अधिक चपटे असतात.

कापल्यावर लगेच एकदा आणि पाच मिनिटांनी पुन्हा एकदा वास घ्या. पाच मिनिटांनी बटण मशरूमचाच वास पुढे येत असेल आणि गंधकाचा मागमूस नसेल, तर वर सांगितलेले आठ कार्बनांचे संयुग तुमच्या नाकाने ओळखले आहे असे समजा. एक काळजी घ्या : डब्यातून काढल्याबरोबर येणारा वास धरू नका. तो शेजाऱ्याचा असू शकतो. कापलेल्या पृष्ठभागाचाच वास घ्यावा.

यापुढे जायचे असेल तर शाळा-महाविद्यालयांत असते तसे ४०० पट मोठे करून दाखवणारे साधे सूक्ष्मदर्शक पुरते. गराचा टाचणीच्या टोकाएवढा कण काचेवर पाण्याच्या थेंबात चेचा. एस्टिव्हमच्या बीजाणूंवर मधाच्या पोळ्यासारखी जाळी दिसते, मेलॅनोस्पोरमच्या बीजाणूंवर आखूड, दाट काटे. ही दोन कधीच चुकू नयेत. ब्रुमालेचे काटे अधिक लांब आणि सडपातळ, आणि बीजाणूंचा रंग अधिक फिकट असतो. इंडिकम आणि मेलॅनोस्पोरम मात्र या काचेवरही सरावाच्या डोळ्यालाच वेगळे दिसतात, कारण दोन्हींना काटे असतात आणि एकाच प्रजातीत त्यांची दाटी कमीजास्त होते. पुरवठादाराकडून बिलावर लॅटिन नाव लिहून घ्यायला आजपासूनच सुरुवात करावी, असे मी आग्रहाने सांगेन. माझ्या अनुभवात एवढ्या एका मागणीने माल देणारा पुष्कळ जपून वागू लागतो.

प्रश्न : ट्रफल तेलाची बाटली आणली. वास फार उग्र आहे. त्यात खरा ट्रफल असतो का?
— एक वाचक, ऐरोली

उत्तर : बाजारातल्या बहुतेक ट्रफल तेलांचा वास बिस-मिथाइलथायो-मिथेन या एका संयुगाचा असतो, ज्याचे दुसरे नाव २,४-डायथायापेंटेन असे आहे. इटलीतील पांढऱ्या ट्रफलमध्ये, म्हणजे ट्यूबर मॅग्नॅटममध्ये, ते असल्याचे १९६७ मध्ये प्रसिद्ध झाले. ते कारखान्यात सहज बनवता येते. तुमच्या बाटलीवरील घटकांच्या यादीत तेलानंतर 'फ्लेवर' किंवा 'अरोमा' असा शब्द असेल, तर बहुधा हेच संयुग त्यात आहे. तळाशी ट्रफलचा एखादा काळा तुकडा तरंगताना दिसला तरी वास त्याचा असतोच असे नाही.

अशा तेलाचा आलेख पाहिला की फरक शिकवावा लागत नाही. खऱ्या मॅग्नॅटमच्या आलेखात एक उंच शिखर आणि त्याभोवती इतर अनेक लहान-मोठी शिखरे असतात, तेलाच्या आलेखात ते एकटेच उभे असते. तुम्हाला जाणवलेला उग्रपणा त्या एकटेपणातून येतो. त्याहून बारकाईची तपासणी म्हणजे त्या संयुगातील कार्बनच्या जड आणि हलक्या समस्थानिकांचे प्रमाण मोजणे, कारण जिवंत बुरशीने घडवलेला रेणू आणि खनिज तेलापासून बनवलेला रेणू यांची रचना एकच असली तरी त्यांतल्या कार्बनचा इतिहास वेगळा असतो. काळ्या ट्रफलचे म्हणून विकले जाणारे तेलही पुष्कळदा याच संयुगाने सुगंधित केलेले असते, हे विशेष खटकण्याजोगे आहे, कारण मेलॅनोस्पोरमच्या वासाची घडण मुळातच वेगळी आहे.

प्रश्न : डुकरांना ट्रफल सापडतो तो त्यातल्या नराच्या संप्रेरकामुळे, असे वाचले होते. मग ट्रफल ओळखायला तेच संयुग का वापरत नाहीत?
— एक विद्यार्थिनी, कोपरखैरणे

उत्तर : १९८१ मध्ये जर्मन संशोधकांना ट्रफलमध्ये ॲन्ड्रोस्टेनॉल हे संयुग आढळले. ते नर डुकराच्या लाळेतही असते, म्हणून ही कल्पना लोकांना लगेच पटली. पण १९९० मध्ये फ्रान्समध्ये ती प्रत्यक्ष तपासण्यात आली. मातीत निरनिराळ्या जागी अस्सल ट्रफल, डायमिथाइल सल्फाइड आणि ॲन्ड्रोस्टेनॉल पुरून प्राणी सोडले, तेव्हा डुक्कर आणि कुत्री ट्रफलकडे व डायमिथाइल सल्फाइडकडे गेली, ॲन्ड्रोस्टेनॉलकडे त्यांनी लक्ष दिले नाही. प्रजाती वेगळ्या करण्यासाठी मात्र डायमिथाइल सल्फाइडचाही एकट्याने उपयोग नाही. जे संयुग जवळजवळ सर्वांतच असते, ते 'येथे ट्रफल आहे' एवढेच सांगते.

प्रश्न : येऊरच्या जंगलात ट्रफल सापडू शकेल का? आणि चॉकलेट ट्रफलमध्ये हा ट्रफल असतो का?
— एक वाचक, वर्तकनगर, ठाणे

उत्तर : मेलॅनोस्पोरमला चुनखडीची, अल्कधर्मी माती आणि ओक किंवा हेझलसारखी यजमान झाडे लागतात. येऊरचा डोंगर बेसॉल्टचा आणि जंगल साग, ऐन, पळस यांचे. ही झाडे ट्रफलचे सोबती नव्हेत. झारखंडमध्ये पावसाळ्यात सालवृक्षांखाली मिळणारा 'रुगडा' जमिनीत वाढतो आणि आवडीने खाल्ला जातो, पण तो बुरशींच्या अगदी वेगळ्या कुळातला आहे. चॉकलेट ट्रफलमध्ये ट्रफल नसतो. कोकोच्या भुकटीत घोळवलेला तो ओबडधोबड गोळा मातीतून काढलेल्या ट्रफलसारखा दिसतो, म्हणून ते नाव पडले.

प्रश्न : मी रसायनशास्त्रात एम.एस्सी. करत आहे. ट्रफलच्या प्रजाती बाष्पांवरून ओळखण्याचा प्रकल्प घ्यावा असा विचार आहे. नमुना कसा तयार करावा आणि आकड्यांचे विश्लेषण करताना काय सांभाळावे?
— एक विद्यार्थी, खारघर

उत्तर : विषय चांगला आहे, पण प्रकल्प यंत्रावर बिघडत नाही, नमुन्यांवर बिघडतो, हे आधीच सांगून ठेवतो. नमुना तयार करण्याची आज रूढ असलेली रीत सोपी आहे. गराचे ठरावीक वजनाचे तुकडे रबरी पडदा असलेल्या लहान काचेच्या कुपीत घालून ती बंद करायची, मंद उष्णतेवर काही मिनिटे ठेवायची आणि पडद्यातून सुई आत घालून तिच्यातला लेप दिलेला तंतू कुपीतल्या हवेत उघडा करायचा. बाष्पे त्या लेपावर बसतात. तंतू आत ओढून घ्यायचा आणि तीच सुई गॅस क्रोमॅटोग्राफच्या तापलेल्या तोंडात घालायची. विरघळवणारा द्रव लागत नाही, म्हणून हलकी गंधकयुक्त संयुगे त्याच्या शिखराखाली झाकली जात नाहीत.

सांभाळण्याच्या गोष्टी मात्र पुष्कळ आहेत. लेपाचा प्रकार बदलला की आलेख बदलतो, कारण एखादा लेप गंधकयुक्त संयुगे अधिक धरतो आणि दुसरा अल्कोहोले. म्हणून वेगवेगळ्या अभ्यासांतील टक्केवारी शेजारी-शेजारी ठेवून तुलना करू नये. कापल्यापासून कुपी बंद करेपर्यंतचा वेळ सर्व नमुन्यांना एकच ठेवावा. आठ कार्बनांची संयुगे त्या वेळातच वाढतात. कुपी जास्त तापवू नये, नाहीतर तुम्ही ट्रफलऐवजी शिजलेल्या ट्रफलचा वास मोजाल. प्रत्येक दिवशी रिकामी कुपी चालवून पाहावी, कारण गंधकाचा वास तंतूवर मागे राहतो. मी एकदा ही रिकामी कुपी चालवण्याचे टाळले आणि हिंगाच्या आदल्या दिवशीच्या नमुन्यातील डायसल्फाइड दुसऱ्या दिवशी धण्याच्या आलेखात पाहून दोन दिवस कारण शोधत बसलो.

विश्लेषणासाठी मुख्य घटक विश्लेषण (अनेक आकड्यांतला मुख्य फरक दोन-तीन अक्षांवर मांडण्याची संख्याशास्त्रीय रीत) ही पद्धत तुमच्या संगणकावर सहज चालेल आणि तिचा आलेख डोळ्याला फार सुखावणारा असतो : तीन प्रजातींचे तीन वेगळे पुंजके. तेथेच थांबू नका. दहा नमुने आणि साठ संयुगे असतील तर वर्गीकरण करणारी कोणतीही पद्धत काही ना काही फरक शोधून देते. खरी कसोटी अशी की, एका हंगामाच्या नमुन्यांवर पद्धत बसवावी आणि तिला कधीच न दाखवलेल्या दुसऱ्या हंगामाच्या, दुसऱ्या पुरवठादाराच्या नमुन्यांवर ती तपासावी. एका पुरवठादाराकडून सगळा मेलॅनोस्पोरम आणि दुसऱ्याकडून सगळा इंडिकम घेतला, तर तुमची पद्धत प्रजाती ओळखते की पुरवठादाराचा शीतकपाट, हे तुम्हालाही सांगता येणार नाही.

शेवटी, प्रत्येक नमुन्याची ओळख रसायनाआधी स्वतंत्रपणे पक्की करा : बीजाणूंचे छायाचित्र घ्या आणि गराचा थोडा भाग अल्कोहोलमध्ये डीएनएसाठी राखून ठेवा. ट्रफल मिळवणे खर्चाचे असल्याने सुरुवातीची तालीम बटण, धिंगरी आणि शिताके या तीन मशरूमवर करावी. वाशीच्या बाजारात त्या वर्षभर मिळतात आणि १-ऑक्टेन-३-ऑलचे शिखर तुमच्या यंत्रावर किती मिनिटांनी येते, हे पहिल्याच दिवशी बटण मशरूम दाखवून देईल.